शेवटचं गिऱ्हाईक

"आई, बाबांची हत्यारं अगदी पुढे मांड, ती हातोहात जातात," असं लेकीने फोनवर बजावलं होतं, आणि तसंच झालं. आयोवातलं राहतं घर सोडायचं, म्हणून प्रभूचं नाव घेऊन व्हर्नाने गॅरेजसमोर विकायला मांडलेला संसार दुपारपर्यंत सगळा उठला. उरला तो एक रंधा.

एका म्हाताऱ्याने तो उचलून पात्यावर अंगठा फिरवला.

"याचे दोन डॉलर? पातं बोथट आहे, बाई. एक देतो."

"न्या."

"मालक ओरडणार नाहीत ना तुमच्यावर?"

"नाही ओरडणार."

 

"चला, बायको जेवायची थांबली असेल, वेळेवर येतो म्हणून शब्द दिलाय," असं म्हणत रंधा काखेत मारून व्हर्नाचा नवरा समोरच्या बायकोला न ओळखताच, आपल्याच घराकडे पाठ करून हळूहळू रस्त्याला लागला.