अंगणात बसलेल्या अव्वा

चन्नूच्या नडगीवर काठी बसली. तो मटकन खाली बसला आणि त्यानं भोकाड पसरलं. काठी आजीची होती. अंबिकानं धावत जाऊन लेकराला उचललं, पोटाशी धरलं आणि सासूकडं बघतच राहिली. नातवाला कधी बोटसुद्धा न लावलेल्या शांतम्मा अंगणाच्या मधोमध चिखलात पाय पसरून बसल्या होत्या. काठी अजून उगारलेलीच होती.

वादळ नुकतंच सरलं होतं. पहिल्याच वावटळीत लाईट गेली, तेव्हा अंबिका चन्नूला काखोटीला मारून वरच्या खिडक्या लावायला पळाली. परत येऊन बघते तर ओसरीतली शांतम्मांची बाज रिकामी. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. असं माणूस पायऱ्या उतरून, लिंबाच्या मोडलेल्या डहाळ्यांमधून सरपटत तिथवर गेलं कसं, हेच तिला कळेना. दिवस मावळत आला होता. अंगणभर पाला आणि फांद्यांचा खच पडला होता, खालची जमीन दिसतच नव्हती. मोबाईलला रेंज नव्हती, चार्जिंगही संपत आलेलं.

"अव्वा, आत चला. पाऊस पुन्हा यायलाय."

शांतम्मांनी मान हलवली. अंबिकानं त्यांच्या बगलेत हात घातला, तर त्यांनी तिच्या मनगटाला दात लावले. मग डाव्या हातानं खालची जमीन थापटत त्या 'अं, अं' करू लागल्या. तहान लागली असेल म्हणून अंबिकानं तांब्या आणला. तो त्यांनी भिरकावून दिला. मोरीत जायचं का, विचारलं. तेही नाही. अंगावर टाकायला वाकळ आणली, ती मात्र त्यांनी हिसकून घेतली आणि पायांवर पसरली.

अंबिका चन्नूला घेऊन चार पावलं मागं सरकली. दुसरा झटका आला तर माणूस माणसातून उठतं, असं दवाखान्यात सांगितलं होतं. ती लांबूनच त्यांचं तोंड न्याहाळू लागली. ओठ आणखी वाकडा झालाय का? हात थरथरतोय का? अंधारात काही धड दिसेना. सोमवारपासून तिला क्लासमध्ये शिकवायला जायचं होतं. दिवसभर चन्नू आजीजवळच राहणार होता. त्या दोघांचं इतकं गूळपीठ, की तिला कधी शंकाच आली नव्हती. आता मात्र चन्नू जरा खाली उतरायला बघायचा आणि आजी काठी आपटायच्या.

गलका ऐकून शेजारचे मलप्पाकाका टॉर्च घेऊन आले. आधी त्यांनी गंमतच केली. सून आत बोलावते म्हणून सासू बाहेर बसली, आमच्या घरी ह्याच्या उलटं हाय, म्हणाले. पण काठी उगारलेली बघून त्यांचंही हसू विरलं. लकवा डोक्यात चढला की घरचीच माणसं वैरी वाटतात, त्यांच्या मेव्हण्याचं अस्संच झालं होतं. शेवटी हळूच म्हणाले, "पोरी, लेकरू जपून ठिव."

अंबिकाचा नवरा महांतेश दालमिलमधून चालत आला. रस्त्यात झाडं आडवी पडलेली, म्हणून स्कूटर तिकडंच सोडली होती. त्यानं चपला काढायच्या आत अंबिकानं त्याला सगळं सांगितलं. चन्नूच्या नडगीवरचा वळ दाखवला, आपलं मनगट दाखवलं. त्यानं आईसमोर बसून दोनदा हाक मारली. उत्तरादाखल तेच जमीन थापटणं, तेच 'अं, अं'.

"उद्याच्या उद्या यांना नांदेडला मोठ्या भाऊजींकडं सोडा," अंबिका म्हणाली. "न्हाईतर मी चन्नूला घेऊन उदगीरला माहेरी जाते. ह्या बाईजवळ माझं लेकरू मी ठेवणार न्हाई."

ह्या बाईजवळ. असं ती आजवर कधी बोलली नव्हती. शांतम्मांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी सुनेकडं बघितलं. डोळे भरून आले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

टपोरे थेंब पडू लागले. महांतेश खाली मान घालून म्हणाला, सकाळी दादाला फोन लावतो. मग तो आईच्या मागं गेला आणि त्यानं तिला वाकळेसकट दोन्ही हातांवर उचललं. त्या किंचाळल्या. त्याच्या शर्टाची कॉलर ओढली, बटणं तुटली. त्यानं लक्ष दिलं नाही. ओसरीकडं जायला त्यानं पाऊल पुढं टाकलं.

पाय जमिनीला लागलाच नाही.

मलप्पाकाकांनी मागून कमरेला कवळ घालून ओढलं नसतं तर मायलेक दोघंही गेली असती. तिघंही मागं चिखलात कोसळली. टॉर्च हातातून सुटून पालापाचोळ्यात पडली. काकांनी ती उचलली आणि उजेड पुढं धरला.

जमिनीतल्या हौदावरचं पत्र्याचं झाकण वादळानं कुठल्या कुठं उडवून नेलं होतं. दीड हाताचं काळं तोंड उघडं होतं. कालच टँकर येऊन गेलेला. आत काठोकाठ पाणी हलत होतं. अव्वांचे दोन्ही पाय, एक जिता आणि एक मेलेला, एवढा वेळ त्या तोंडावर आडवे पडून होते.

काका फळी शोधायला गेले. महांतेश आईला धरून चिखलातच बसला होता.

अंबिकानं कडेवरचा चन्नू अव्वांच्या मांडीवर दिला आणि त्या जिथं बसल्या होत्या तिथं, तशीच, पाय पसरून बसली.