बोगद्यातला बारावा

"आज अकरा आत गेले, अकराही बाहेर आले. आम्ही ढिगारा उपसणारी यंत्रं थांबवतोय," फोनवर साहेब म्हणाले. बोगद्याचं छत ढासळून दोन तास झाले होते. आज आत गेलेल्यांची यादी मीनलनेच कॉम्प्युटरवरून काढून दिली होती.

सुटकेचा निःश्वास टाकताना तिला ऑफिसच्या खिडकीतला डबा दिसला. बोगद्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपावरच्या रूपसिंगचा, सकाळी घरून आलेला, तसाच. बदली माणूस आला नाही की पंपवाला दुसऱ्या पाळीलाही आतच थांबतो. म्हणजे तो काल संध्याकाळीच आत गेलेला!

"साहेब, यंत्रं थांबवू नका!"

"अगं, तुझीच यादी आहे ना?"

"चुकलं माझं. मी फक्त आज आत गेलेले मोजले. पाच मिनिटं द्या."

तिने यादी काढणारी क्वेरी बदलली. प्रत्येकाचा आतला वेळ रात्री बाराला तोडायचा, दर दिवसाची वेगळी ओळ करायची, आणि बाहेर आल्याची नोंद नसेल तर आत्तापर्यंत मोजायचं. आजच्या ओळी आल्या. बारा. शेवटची रूपसिंगची: रात्री बारा ते दुपारी १:२०.

"साहेब, बारा! रूपसिंग अजून आतच आहे." फोनमधून यंत्रांची घरघर पुन्हा ऐकू आली.

मीनल क्वेरी पुन्हा पुन्हा चालवत राहिली. दर वेळी तो आकडा पुढे सरकायचा. १:५०. ३:१५. ४:४०.

५:१२ला आकडा थांबला. तिने पुन्हा चालवली, तरी ५:१२च. गेटवर बाहेर आल्याची नोंद झाली होती. पण चालत आला, की उचलून आणला?

फोन वाजला.

"मीनल, हा पठ्ठ्या डबा मागतोय गं."