सोबत

आई उकळत्या पाण्याचा टोप घेऊन पडवीत आली, तशी संचिता माश्यांच्या काचनळ्यांपुढे जाऊन उभी राहिली. सुट्टीत त्यांचं खाणं बदलायला कोणी नाही, म्हणून तिने त्या प्रयोगशाळेतून जामसंड्याला घरी आणल्या होत्या.

"बाजूक हो. ओततंय ह्येंच्यार. तुझ्या बाबांका ज्यान न्हेल्यान, तोच रोग ह्येंच्यात आसा मां?"

"रोग नाय गो आये. त्या विषाणूचा एकच प्रथिन माशीच्या पेशींत घातलेला आसा. तेनी पेशी कित्याक मरतत, ता बघतंय. कोणाक काय्येक होवचा नाय."

आई टोप घेऊन आणखी पुढे सरली. कढत पाणी हिंदकळून संचिताच्या पायाशी सांडलं, तरी ती हलली नाही.

"आणि माशी?"

"ती मरता."

"मरताना तिच्या वांगडा, सोबतीक कोण आसता?"

माश्या रात्री कोणी नसताना मरतात, सकाळी नळीच्या तळाशी सापडतात. पण संचिता म्हणाली, "मी आसतंय."

आईने टोप हळूच खाली ठेवला.

"मगे ऱ्हांवदेत," ती म्हणाली. "आमका हॉस्पिटलात आत सोडूक नाय. तुझ्या बाबांच्या वांगडा कोण नाय होता."