यंदाचे गुण

सफरचंद, खुर्ची, पूल... पुढचा शब्द काही केल्या रॉडेलला आठवेना. पडद्यावर सगळे शब्द आत्ताच तर दाखवले होते. शेवटी त्याने अंदाजाने एक बटण दाबलं आणि चाचणी संपवली.

चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याला वाटेतच आडवं करायचं, हे अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनबॅकरचं काम. रॉडेल बतिस्तने ते असं केलं, की अख्खं लुईझियाना त्याला 'भिंत' म्हणे. हंगामाआधी सगळ्यांच्याच डोक्याची ही चाचणी होई. पुढे डोक्याला मार बसला की तीच पुन्हा घ्यायची. गुण घसरले, तर गडी मैदानाबाहेर. म्हणून सगळे आधीच वेड पांघरून पेडगावला जात. मुद्दाम चुकून ठेवलं की पुढे घसरायला जागाच उरत नाही. या विद्येत रॉडेल सगळ्यांचा गुरू.

यंदा मात्र त्याने बायकोला, इव्हेटला, शब्द दिला होता. चाचणी खरी द्यायची. गुण चांगले आले तर खेळायचं, नाहीतर घरी बसायचं.

संघाचा जुना ट्रेनर हॉलिस पडद्याकडे बघून गालात हसला.

"मानलं तुला म्हाताऱ्या. दरवर्षीइतकेच! इतरांना धड चुकताही येत नाही."

"या वेळी खरी दिली."

"हो, आणि मी राष्ट्राध्यक्ष. ऊठ, पॅड चढव. कोच शंख करतोय बाहेर."

रॉडेल तसाच बसून राहिला. आपल्याला भीती वाटेल, निदान रडू तरी येईल, असं त्याला वाटलं होतं. तसलं काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा तो आतून बधिर झाला होता. मग सवयीने हेल्मेट उचलून तो बाहेर आला.

कुंपणापाशी इव्हेट गाडीत बसली होती. हल्ली गाडी तीच चालवायची.

"खरी दिलीस?"

"दिली."

"घे शपथ."

"तुझ्या आईची."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस. गुण किती?"

खोटं बोलता आलं असतं. हात बसलेला होता त्याचा त्यात.

"दरवर्षीइतकेच."

मैदानावर शिट्टी वाजली, तशी रॉडेलची मान तिकडे वळली.

"हॉलिसला सांगितलंस?"

"सांगितलं. हसला तो."

इव्हेट हसली नाही. तिने दार उघडून त्याला आत बसवलं. त्याच्या हातातलं हेल्मेट काढून मागच्या सीटवर टाकलं, आणि वाकून त्याचा पट्टा लावला.