रुमालाची गाठ

तोरण्याच्या पायथ्याला बालवीरांची छावणी पडून दोनच दिवस झाले होते. नसरापुरापासून चालत आलेली ती खाकी चड्डीतली पोरं पाहून गावानं त्यांना पोलीसच समजून दारं लावून घेतली होती. त्यामुळं कुणाचं भलं करायची संधी काही मिळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकुबाईच्या खाचरातून धूर निघाला आणि पोरं बादल्या घेऊन धावली. म्हातारी हात हलवून ओरडत होती. धीर द्यायला दोघांनी तिला दंडाला धरून बांधावर बसवलं. घटकाभरात आग विझली. काळ्या तोंडांनी पोरं तिच्यापुढं रांगेत उभी राहिली.

ठकुबाईनं भिजलेल्या पाल्याच्या ढिगाकडं पाहिलं, मग पोरांकडं. प्रत्येकाचं बोट गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला मारलेल्या गाठीशी होतं.

"ह्या गाठी कशापायी रं?"

"रोज कुणाचं तरी भलं करायचं, आजी," एक जण म्हणाला. "केलं की मग गाठ सोडायची. आमची अजून एकदाही सुटली नाही."

ठकुबाईनं पायापाशी आलेली ओली राख बाजूला सारली.

"मंग सोडा की."

पोरं शिट्ट्या वाजवत छावणीकडं गेली.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "आत्याबाई, सकाळी भाताचं बी पेराया पाला पेटवून राब भाजाया गेल्ता, नीट भाजला न्हवं?"

"न्हाई. कोयता काढून ठिव, उद्या परत पाला तोडाया जायचं," ठकुबाई म्हणाली. "आन् ह्या बारीला पेटवू ती पोरं जेवाया बसल्यावर."