उजव्या हाताचं संशोधन

"हा नुसता दगड आहे," सबनीस सरांनी निकाल दिला. वाळवंटातल्या घळीत दगड सापडला, केवढं नवल.

तो नववीतल्या शलाकाला सापडला होता. उत्खननाच्या शिबिरात तीन दिवस ब्रशनं वाळू झाडून तिनं तो मोकळा केला होता. "सर, धार मुद्दाम काढल्यासारखी वाटते. आदिमानवाचं हत्यार असेल."

सरांनी दगड उजव्या मुठीत धरला. धार त्यांच्याच तळव्याला टोचली. "हत्यार असतं तर हातात नीट बसलं असतं, बाळ. चाळीस वर्षं हेच करतोय मी. टाक ढिगावर."

सरांनी नापास केलेल्या दगडांचा ढीग शलाकाच्या खांद्याला लागला होता. उद्या ट्रॅक्टर येऊन तो नेणार होता.

चाळीस वर्षांपुढे तीन दिवस काय बोलणार? ती दगड घेऊन निघाली. अर्थात डाव्या हातात. त्या हातानं प्रसाद घेऊ नये, हे तिला बालवाडीपासून ऐकवलं जात होतं.

अंगठा एका खळगीत अलगद बसला. बोटं मागे वळली, धार बरोबर बाहेर आली.

शलाका परत फिरली. "सर, डाव्या हातात धरून बघा. हे घडवणारा माझ्यासारखा डावखुरा होता."

सरांनी धरला. बराच वेळ सोडला नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "मला शंका होतीच."

"हो ना सर," शलाका म्हणाली, आणि ढिगापाशी मांडी घालून बसली. "मग हे सगळे कुठल्या हातानं तपासले होते?"