मुबारकचं उत्तर

लासूर स्टेशनच्या रस्त्यावर गाडी उलटली, त्यात नजमाचा मुलगा फरदीन गेला. गाडी चालवणारा तिचा नवरा मुबारक वाचला, पण शुद्धीवर आलाच नाही. संभाजीनगरच्या दवाखान्यात त्याचं अंग पुसताना ती रोज म्हणायची, "माझं लेकरू गेलं अन् तुम्ही कशाला राहिले?"

एक दिवस नव्या पद्धतीचा एमआरआय चालू असताना डॉक्टर आनंदानं म्हणाले, "त्यांना सगळं ऐकू येतंय, समजतंय. फक्त हलता येत नाही. काहीही विचारा, मेंदूच्या प्रतिसादावरून त्यांचं हो की नाही कळेल."

माईकजवळ तोंड नेऊन नजमानं विचारलं, "तुम्हाला जगायचंय ना?"


पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर हळूच म्हणाले, "नाही म्हणतायत."